पेव्हर ब्लॉकवर पुन्हा पुन्हा भोकं येतात? मालाला हात लावण्याआधी टेबल तपासा

पारोळा रस्त्याला आमचं पेव्हर ब्लॉकचं छोटं युनिट आहे. साचे हलवून त्यातला माल बसवणारी दोन व्हायब्रेटिंग टेबलं, एक पॅन मिक्सर, पीव्हीसी आणि रबराचे साचे, कामाला दहा-बारा माणसं. धुळे, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव या पट्ट्यात अशी युनिटं आता गावोगाव झाली आहेत आणि एक तक्रार जवळजवळ प्रत्येकाकडे ऐकायला मिळते. ब्लॉक साच्यातून काढला की रंगाच्या बाजूवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. काही ब्लॉकच्या एकाच कोपऱ्यात रंगाचा थर पातळ होतो आणि आतली काळी खडी डोकावते. कधी महिना, कधी दोन महिने माल साफ निघतो, मग पुन्हा तेच.

आमच्याकडे हे सलग दोन हंगाम चाललं. दर वेळी आम्ही मालावरच, म्हणजे मिक्सरमधल्या मिश्रणावरच, संशय घेतला. पाणी थोडं वाढवलं, पाणी न वाढवता माल वाहता करणाऱ्या केमिकलचा डोस बदलला, सिमेंट दुसरं आणलं, खडी धुऊन घेतली. दर वेळी फरक पडल्यासारखा वाटला आणि दर वेळी दोष परत आला. त्यात एका आवाराला दिलेले ब्लॉक पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यांवर झिजायला लागले. ते सगळे आम्ही स्वखर्चाने बदलून दिले. त्यानंतर मी ठरवलं की आता अंदाजाने काही करायचं नाही. दोष माल करतो, साचा करतो की टेबल करतं, हे आधी वेगळं काढायचं. ते कसं काढलं ते इथे सविस्तर लिहितो. ज्यांच्याकडे हाच त्रास आहे त्यांचे दोन हंगाम तरी वाचावेत.

आधी एक खिळा घ्या

सगळ्यात उपयोगी पडलेल्या चाचणीला एक रुपया लागत नाही. आमच्या टेबलवर एका वेळी १२ साचे बसतात, तीन रांगांत चार-चार. टेबलवरून उचलताना प्रत्येक साच्यातल्या ओल्या मालावर, म्हणजे ब्लॉकच्या मागच्या बाजूला (रंगाची बाजू साच्यात खाली असते), खिळ्याने जागेचा आकडा कोरा. डावीकडून उजवीकडे १ ते ४, मग ५ ते ८, मग ९ ते १२. सोबत एक बाण कोरा, टेबलच्या उजव्या हाताकडे टोक करून. दुसऱ्या दिवशी ब्लॉक काढले की जमिनीवर त्याच क्रमाने मांडा. हे तीन दिवस करा, एका दिवसावर निकाल लावू नका.

सगळ्या १२ जागांवर सारखीच भोकं असतील तर दोष मालात किंवा टेबल चालवण्याच्या वेळेत आहे. जागा कोणतीही असो, भोकं ठरावीक साच्यांतच येत असतील तर साचे जुने झालेत. आणि भोकं टेबलच्या एकाच भागात येत असतील तर मिक्सरकडे बघायचंही कारण नाही.

आमचे ब्लॉक मांडले तेव्हा ३, ४, ७, ८, ११ आणि १२ खराब होते. टेबलचा अख्खा उजवा भाग. डावीकडचे बहुतेक साफ. रंग उतरलेला कोपरा प्रत्येक ब्लॉकमध्ये बाणाच्या एकाच बाजूला होता. मिक्सरमधून माल सगळीकडे एकच गेला होता, पाणी एकच, केमिकल एकच. मालाला बोल लावायला जागाच उरली नाही.

खरं तर टेबलवर साचे भरणाऱ्या मावशी महिनाभर आधीपासून मला सांगत होत्या, "भाऊ, हाई टेबल येगळंच नाची ऱ्हायनं." मी ते कानाआड केलं, कारण मोटर चालू होती, आवाज येत होता आणि टेबल हलत होतं. टेबल हलतंय म्हणजे ठीक चालतंय, हा समज आपल्या धंद्यात फार खोल बसलेला आहे.

टेबल मालाला नेमकं काय करतं

साच्यात नुसता भरलेला माल म्हणजे खडी, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), सिमेंटची पेस्ट आणि बरीचशी हवा. हलवण्याआधी ही अडकलेली हवा ५ ते २० टक्के असू शकते. खडीचे आणि वाळूचे दाणे एकमेकांत अडकून बसलेले असतात, त्यामुळे तिला वर यायला वाट नसते. टेबल हलू लागलं की दाण्यांमधलं घर्षण काही काळ जवळजवळ संपतं, माल दाट ताकासारखा वाहू लागतो, दाणे एकमेकांच्या पोकळीत बसतात आणि हवा हलकी म्हणून वर निघते. टेबल थांबलं की माल पुन्हा घट्ट. मालात ५ टक्के हवा राहून गेली तर ब्लॉकची ताकद साधारण ३० टक्क्यांनी घटते. म्हणजे भोकं हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, ब्लॉकच्या पोटात काय चाललंय त्याची ती खूण आहे.

पाणी वाढवल्यावर भोकं कमी का होतात, ते इथे कळतं. पातळ मालातून हवा कमजोर झटक्यानेही निघून जाते. पण जास्तीचं पाणी सुकताना मागे बारीक पोकळ्या ठेवून जातं. वरून ब्लॉक गुळगुळीत आणि आतून पोकळ. आयएस १५६५८ या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत ब्लॉकने पाणी शोषण्याची मर्यादा सरासरी ६ टक्के घातलेली आहे, आणि हलक्या वाहतुकीच्या ६० मिलिमीटर ब्लॉकसाठी एम-३५ ही ताकदीची ग्रेड सांगितली आहे. पाण्याने भोकं झाकलेला ब्लॉक या दोन्ही ठिकाणी मार खातो. आमचा आवारातला माल तसाच गेला होता.

झटक्याचा जोर कुठून येतो? मोटरच्या शाफ्टला दोन्ही टोकांना एका बाजूला जड असलेली वजनं असतात. ती फिरतात आणि टेबलला खेचतात. वजन दुप्पट केलं तर जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. मिनिटाला २८५० फेरे म्हणजे सेकंदाला ४७-४८ झटके. टेबल मधल्या जागेपासून अर्धा मिलिमीटर वर आणि अर्धा मिलिमीटर खाली जात असेल, तर मालाला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेचार पट होतो. हालचाल पाव मिलिमीटरवर आली की तो निम्मा. डोळ्यांना अर्धा आणि पाव मिलिमीटर यातला फरक दिसत नाही, म्हणून मोजायला लागतं.

व्होल्टेजबद्दलही लिहितो, कारण आपल्याकडे सगळं खापर त्याच्यावर फुटतं. तीन फेजची मोटर व्होल्टेज थोडं कमी मिळालं म्हणून फार हळू फिरत नाही, वेग दोन-तीन टक्केच पडतो. ती तापते मात्र भरपूर. म्हणजे कमी व्होल्टेजने भोकं थेट येत नाहीत, मोटर जळते. आमच्या गोष्टीत ही जळणारी मोटर पुढे येणारच आहे.

ठिपका आणि रांगोळी

पांढऱ्या कागदाचा छोटा तुकडा टेबलच्या बाजूच्या अँगलवर चिकटवा आणि त्यावर बारीक पेनाने एकच ठिपका द्या. टेबलवर भरलेले साचे ठेवून मोटर चालू करा आणि ठिपक्याकडे बघा. डोळ्याला तो ठिपका दिसणार नाही, त्याचा माग दिसेल. सरळ उभी रेघ दिसली तर टेबल वर-खाली हलतंय. तिरपी रेघ म्हणजे एका बाजूला झटका. गोल किंवा अंडाकृती कडं म्हणजे टेबल चक्राकार हलतंय. रेघेशेजारी स्टीलची मिलिमीटरची पट्टी टेबलला न टेकणाऱ्या दुसऱ्या स्टँडवर बांधून धरली तर वरपासून खालपर्यंतची पूर्ण हालचाल मोजता येते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये आणखी स्वच्छ दिसतं. चारही कोपऱ्यांवर चार ठिपके द्या, कारण एका कोपऱ्याने सगळं कळत नाही.

आमच्या डाव्या दोन कोपऱ्यांवर लांबट अंडं दिसलं. उजवीकडे जवळजवळ पूर्ण गोल कडं.

मग रांगोळी. साचे उतरवून टेबल कोरडं पुसून घ्या आणि वर रांगोळीचा पातळ थर सगळीकडे सारखा भुरभुरवा. रांगोळी जाडसर हवी. पिठासारखी बारीक असली तर ती पत्र्याच्या हलण्याने उठणाऱ्या हवेच्या झुळुकीने भलत्याच जागी गोळा होते. हे मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिलं आहे, आणि पहिल्या दिवशी बारीक रांगोळी वापरून आमचाही तसाच घोळ झाला. जाडसर रांगोळी नसेल तर चाळलेली कोरडी वाळू चालते. मोटर दहा सेकंद चालवा आणि बंद करा.

टेबल नीट वर-खाली हलत असेल तर रांगोळी जागच्या जागी उडते आणि जवळजवळ तशीच पसरलेली राहते. पत्रा जिथे कमी हलतो तिथे ती रेघा धरून साचते, जिथे जास्त हलतो तिथली जागा मोकळी होते. अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ साली हेच प्रसिद्ध केलं. धातूच्या पत्र्यावर वाळू टाकायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा, की वाळूची नक्षी उठते. आपल्याला नक्षीचं काम नाही, आपल्याला मेलेल्या जागा शोधायच्या आहेत. रांगोळीचा ढीग जिथे, तिथे मालाला झटका कमी.

आमची रांगोळी दहा सेकंदांत अख्खी सरकत उजव्या कडेला गेली आणि तिथे बोटभर उंच बांध तयार झाला. जणू कोणी झाडूने लोटली होती. साच्यातला रंगाचा पातळ थर रोज असाच एका बाजूला लोटला जात होता. उजव्या कडेला साचे एकमेकांवर आपटत होते, म्हणून तिथे झटका वर-खाली न लागता आडवा लागत होता आणि हवा आत अडकत होती. मावशी डाव्या हाताने साचे दाबून धरायच्या, ते सरकू नयेत म्हणून. ते मी रोज बघत होतो.

दोन मोटरी, एकाच दिशेने

आमच्या टेबलखाली दोन मोटरी शेजारी-शेजारी आहेत. त्या एकमेकींच्या उलट दिशेने फिरायला हव्यात. तसं झालं की दोघींचे आडवे झटके एकमेकांना मारून टाकतात आणि उभे झटके जोडले जातात. दोघींच्यामध्ये गिअर नाही, पट्टा नाही, तरी त्या एका तालात येतात, कारण त्या एकाच टेबलला बांधलेल्या आहेत आणि टेबलमधून एकमेकींना ढकलतात. एका आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं काही वेळाने आपोआप एका तालात येतात, हे क्रिस्टियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६६५ साली पाहिलं होतं. आपल्या टेबलखाली रोज तेच घडतं. पण दोन्ही मोटरी एकाच दिशेने फिरल्या तर आडवे झटके मरत नाहीत. टेबल चक्राकार हलतं किंवा एका बाजूने डोलतं.

तीन फेजच्या मोटरची दिशा बदलायला कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल पुरते. आमची एक मोटर जळून रिवाइंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) गेली होती आणि परत आल्यावर तिच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. एवढंच. इलेक्ट्रिशियनने आधी मेन स्विचपाशी फेज बदलून बघितले, त्याने काही फरक पडला नाही. पडणारही नाही, कारण मेनला बदललं की दोन्ही मोटरी उलटतात आणि एकमेकींच्या तुलनेत जशा होत्या तशाच राहतात. बदल एकाच मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये करायचा. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून खिशात ठेवून मगच. वजनांची झाकणं उघडी ठेवून मोटर फिरवून बघू नका. दिशा बघायला ठिपका पुरेसा आहे.

वायरी बदलल्या, मोटर चालू केली आणि गोल कडं मिटून उभी रेघ झाली. रांगोळी जागच्या जागी उडायला लागली. साचे सरकायचे थांबले.

आता मुख्य प्रश्न उरतो. दोष असा होता, तर तो मध्येच जाऊन परत का यायचा? त्यासाठी मी रिवाइंडिंगची बिलं आणि नापास मालाची वही शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. दोन हंगामांत त्या टेबलची मोटर ५ वेळा जळली होती. प्रत्येक वेळी परत आल्यावर वायरी कशा जोडल्या जातील ते नशिबावर होतं. बरोबर जोडल्या गेल्या की माल साफ, आणि आम्ही त्याचं श्रेय नव्या केमिकलला द्यायचो. उलट जोडल्या की भोकं, आणि आम्ही पुन्हा पाण्यामागे लागायचो. वहीत ते स्वच्छ दिसतं. फक्त बिलं आणि वही आम्ही कधी एकत्र उघडली नव्हती.

एकाच मोटरचं टेबल असेल तर हा भाग तुम्हाला लागू नाही. एका मोटरचं टेबल चक्राकारच हलतं आणि त्यावरही चांगला माल निघतो, पण साचे अडवायला कडेला पट्टी लागते आणि मध्येच साच्यांची डावी-उजवी बाजू फिरवून ठेवावी लागते.

मोटर पुन्हा पुन्हा का जळते

वायरी बदलून थांबलो असतो तर सहाव्यांदा मोटर जळली असती आणि आम्ही पुन्हा तिथेच आलो असतो. म्हणून जळण्याच्या कारणामागे लागलो. तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, एक फेज जाणं. गावाकडच्या लाइनवर तीनपैकी एक फेज जातो, दोन राहतात. चालू असलेली मोटर दोन फेजवर ओढत राहते, भणभणते आणि काही मिनिटांत जळते. टेबलच्या गोंगाटात ती भणभण ऐकू येत नाही. शेतातल्या पंपाला आपण सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) लावतो, टेबलला कोणी लावत नाही. लावा. दोन मोटरींपैकी एक बंद पडली तरी दुसरी टेबल हलवत राहते, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं चालू वाटतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरी, बेअरिंग. व्हायब्रेटरच्या मोटरला बहुतेक वेळा जड रोलर बेअरिंग असतात, कारण सगळा झटका त्यांच्यावर येतो. दुरुस्तीत त्या जागी साधं बॉल बेअरिंग बसलं की ते तापतं, खेळतं आणि वाइंडिंगही सोबत नेतं. मोटर देताना जुनं बेअरिंग परत मागा आणि नंबर ताडून बघा. आणि टेबलला वेल्डिंग करायचं असेल तर मोटर काढून ठेवा. वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला की त्याच्या धावेवर (रोलर फिरतात त्या कड्यावर) डाग पडतात आणि ते महिनाभरात ओरडायला लागतं.

तिसरी, बोल्ट. सैल बोल्टवर मोटर स्वतःच आपटत राहते. आमचे स्प्रिंग वॉशर तुटून पडायचे. आता जाड साधा वॉशर आणि नायलॉक नट (हादऱ्याने सहज न सुटणारा) आहे. बोल्ट आवळल्यावर पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा एकदा आवळतो, कारण रंग आणि गंज दबला की नट आपोआप ढिला होतो. त्यानंतर दर आठवड्याला.

मोटर परत आली की आणखी एक तपासायचं. शाफ्टच्या दोन्ही टोकांची वजनं सारख्याच खुणेवर बसली आहेत ना? एका टोकाला ६० टक्के आणि दुसऱ्या टोकाला ८० टक्के लागली तर मोटर भोवऱ्यासारखी डुलते आणि टेबलच्या एका टोकाला जोर जास्त जातो. आम्ही आता मोटर उतरवण्याआधी वायरींना लाल, पिवळी, निळी टेप गुंडाळतो, वजनांच्या खुणेचा मोबाइलवर फोटो काढतो आणि टेबलच्या पायावर ऑइल पेंटने लिहून ठेवतो. नवीन माणूस आला तरी चुकायला नको.

टेबल ज्यावर टेकतं त्या रबर पॅडकडेही नजर हवी. चारपैकी एक पॅड चिरला किंवा कडक झाला की तो कोपरा मरतो, आणि रांगोळीचा ढीग नेमका तिथे दिसतो. पॅड बदलताना चारही एकदम बदला. पत्र्याखालचं वेल्डिंग सुटलं तर ढीग न दिसता उलट मोकळी, थरथरणारी जागा दिसते आणि आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. गवंड्याची लेव्हल ठेवून टेबल समपातळीत आहे का तेही बघा, नाहीतर ब्लॉक एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ निघतो आणि फरशी बसवणारा तुमच्या नावाने बोटं मोडतो.

टेबल ठीक, तरी भोकं

ठिपका सरळ, रांगोळी जागेवर, आणि तरी सगळ्या १२ जागांवर भोकं. मग मालाकडे वळा. एक ब्लॉक हातोडीने आडवा फोडा आणि तुटलेली बाजू उन्हात धरा.

रंगाच्या थरात गोल, मोहरीएवढी भोकं असतील तर हवा निघायला वेळ मिळाला नाही, किंवा रंगाचा माल चिकट आहे. क्रश सँडमध्ये धूळ जास्त असली की तो चिकट होतो. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकात ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची मर्यादा क्रश सँडसाठी १५ टक्के आहे. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी हलवून ठेवलं की वर बसणारा गाळाचा थर बघून ढोबळ अंदाज येतो. आमच्या भागातला दगड काळा बेसाल्ट, त्याचे तुकडे अणकुचीदार आणि चपटे पडतात. गिरणा नदीच्या गोल वाळूची सवय असलेल्या कारागिराला हा माल सुरुवातीला कोरडा वाटतो आणि तो लगेच पाणी ओततो. त्याला थांबवा, केमिकल मोजून वाढवा. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख वापरत असाल तर ती माल वाहता ठेवते, पण हिवाळ्यात ब्लॉक कडक व्हायला उशीर लावते. डिसेंबर-जानेवारीत साचा लवकर सोडलात की कोपरे तुटतात.

कडेला वेडीवाकडी, खडबडीत पोकळी असेल तर खडी मोठी आहे किंवा माल खरंच कोरडा आहे.

आणि खडी रंगाच्या थरात घुसून तोंडाशी आलेली असेल, ब्लॉकच्या पाठीवर पांढरट, नखाने खरवडणारा थर असेल, तर उलट दोष आहे. टेबल गरजेपेक्षा जास्त चाललं. आपण ब्लॉक उलटा भरतो, रंगाची बाजू खाली. जास्त हलवलं की जड खडी खाली बसते आणि पाणी वर येतं. लोक म्हणतात, आणखी थोडं चालू राहू दे, नुकसान काय आहे. नुकसान हेच.

वेळ किती द्यायचा याचा घड्याळाचा आकडा मी देणार नाही, कारण तो प्रत्येक टेबलचा वेगळा असतो. मालाकडे बघायला शिका. सुरुवातीला बुडबुडे भराभर फुटतात, मग तुरळक होतात, मग माल पसरून वर ओलसर चकाकी येते. बुडबुडे थांबले आणि चकाकी आली की बंद. रंगाच्या थराला हे आधी एकट्याला द्या. तो साच्यात घालून लगेच त्यावर खडीचा मुख्य माल ओतला आणि मग टेबल चालू केलं तर रंगातल्या हवेला तेवढा जाड माल भेदून यावं लागतं आणि ती तिथेच अडकते. आमच्याकडच्या उरलेल्या भोकांपैकी बरीचशी या एका बदलाने गेली.

साच्यांचं थोडक्यात. आतली चकाकी गेलेला, ओरखडे पडलेला, सिमेंटची पापडी धरलेला साचा बुडबुडे धरून ठेवतो. तेल लावत असाल तर फडक्याने पुसून फक्त ओशटपणा राहू द्या, थेंब राहिला तर त्या थेंबाखाली भोक ठरलेलं.

उन्हाळ्याचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ वर जातो तेव्हा सकाळी चांगला वाहणारा माल दुपारी घमेल्यातच ताठतो. रंगाचा थर पातळ, त्यामुळे तो आधी सुकतो. त्यावर मुख्य माल उशिरा पडला तर दोन थर एकजीव होत नाहीत आणि सहा महिन्यांनी रंगाची पापडी सुटते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास आम्ही भरणीचं काम पहाटे पाचला सुरू करून साडेदहाला थांबवतो. खडीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवतो, टाकीवर ओलं बारदान टाकतो आणि मिक्सरमधला माल अर्ध्या तासात संपेल एवढाच काढतो. दुपारी भरलेला माल कितीही हलवला तरी त्यातली हवा निघत नाही, हे आम्ही खिळ्याने वेळ कोरून पाहिलं आहे.

हाताचं राहिलं. टेबल चालू असताना साचा हाताने दाबून धरू नये आणि धरू देऊ नये. हाताने दाबलेल्या साच्याचा झटका मरतो हा एक भाग. दुसरा भाग असा की वर्षानुवर्षं असं काम केलं की बोटांच्या नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात. मावशींच्या डाव्या हाताला रात्री मुंग्या यायच्या, हे त्यांनी टेबल दुरुस्त झाल्यानंतर सांगितलं. साचे सरकायचे थांबल्यापासून त्या हात लावत नाहीत. टेबलच्या कडेला आता अँगलची पट्टी आहे आणि स्विच हाताशी आणला आहे.

दर सोमवारी काम सुरू होण्याआधी रांगोळी त्याच टाकतात. मागच्या महिन्यात मागच्या उजव्या कोपऱ्यात मूठभर ढीग साचला तेव्हा त्यांनी मिक्सर सुरूच करू दिला नाही. खाली वाकून बघितलं तर रबर पॅड मधोमध चिरला होता. अकराच्या आत चारही पॅड बदलले, पुन्हा रांगोळी टाकली, दहा सेकंद चालवलं. "आते बरोबर शे," म्हणाल्या, आणि पहिला साचा टेबलवर ठेवला.